लेकराय: एका जर्मन खाऊच्या शब्दाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात जर्मनच्या शिकवण्या घ्यायला लागून बरीच वर्षं झाली. डेर-डी-दास, म्हणजे नामाचं लिंग दाखवणाऱ्या आर्टिकलांची रडारड संपली की मुलांचे प्रश्न वळतात ते खाण्याकडे. शिकून तिकडे गेलेली मुलंही सुटत नाहीत. डिसेंबर आला की नाताळच्या बाजारातल्या पाट्यांचे फोटो येतात आणि खाली एकच ओळ असते: "मॅडम, हे लेकरायन म्हणजे काय?" दर वेळी नव्याने टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते. पान देवनागरीत आहे, म्हणून स्पेलिंग सांगताना अक्षरांची आपल्या सवयीची इंग्रजी नावं वापरली आहेत.

शब्दाचा अर्थ काय?

खायला मजा येते अशी, पोट भरण्यासाठी नव्हे तर जिभेसाठी खाल्लेली वस्तू. बहुतेक वेळा गोड. मधात भिजवलेले बदाम, चॉकलेट, लेबकूखन नावाची मसालेदार मधाची बिस्किटं, केकचा तुकडा, हे सगळं लेकराय. रोजची पोळीभाजी कितीही चांगली झाली तरी तिला कोणी लेकराय म्हणणार नाही. आपल्याकडच्या बेकऱ्यांत वाढदिवसाला हमखास मिळणारा ब्लॅक फॉरेस्ट केक मूळचा तिकडचाच, श्वार्त्सवेल्डर किर्शटोर्टं. त्यात चेरीची दारू घालतात. आपल्याकडे बिनअंड्याच्या केकवर पाकातली लालभडक चेरी येते. दोन्ही लेकराय म्हणून खपतील, फक्त जर्मन माणसाला दुसरा ओळखू येईल का, हे मी सांगत नाही.

स्पेलिंग सांगा.

एल, ई, सी, के, ई, आर, ई, आय. आठ अक्षरं. पहिलं अक्षर मोठं, कारण जर्मनमध्ये प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू होतं, मग ते वाक्याच्या मधोमध असो की शेवटी. 'लेकर' म्हणजे चविष्ट, हे विशेषण आहे, ते लहान अक्षराने. परीक्षेत अर्धा गुण जातो तो इथेच.

फोनवर जर्मन माणसाला स्पेलिंग सांगायची वेळ आली तर मात्र इंग्रजी नावं विसरा. तिथे 'ई' म्हटलं की समोरचा 'आय' लिहून घेतो, कारण त्यांच्या आयचं नावच 'ई' आहे आणि त्यांच्या ईचं नाव 'ए'. तेव्हा म्हणायचं: एल, ए, त्से, का, ए, एर, ए, ई.

सी आणि के दोन्ही कशाला? एक पुरत नाही का?

नाही पुरत. जर्मन स्पेलिंगमध्ये जोड-व्यंजन दिसलं की आधीचा स्वर आखूड असं समजायचं. एल, एम, एन, टी ही अक्षरं सरळ दोनदा लिहितात. पण अस्सल जर्मन शब्दांत के दोनदा लिहीत नाहीत, त्याऐवजी सी-के लिहितात. साखर म्हणजे त्सुकर, त्यातही सी-के. स्वर लांब असेल तर एकटा के: हाकन म्हणजे आकडा, तिथे 'हा' लांब. 'हा' आखूड केला आणि सी-के घातलं की तोच शब्द 'चिरणे' होतो. के-च्या आधी दुसरं व्यंजन असेल तर सी लागत नाही. डांकं, म्हणजे आभार, हा शब्द सगळ्यांच्या तोंडात असतो, त्यात नुसता के.

दोन के दिसले तर तो शब्द बहुधा पाहुणा असतो. मोका कॉफी आणि साको, म्हणजे पुरुषांचा कोट, यांत दोन के आहेत. डचमध्ये मात्र 'लेकर' हाच शब्द दोन के घालून लिहितात. ॲमस्टरडॅमला जाऊन आलेल्या मुलांच्या वहीत तो हमखास सापडतो.

जुन्या पुस्तकात ओळीच्या शेवटी दोन के दिसले. ती छपाईची चूक का?

चूक नाही. पूर्वी ओळ संपताना शब्द सी-के पाशी तुटला तर सी-चा के करून एक के वर आणि एक खाली ठेवत. १९९६ साली जर्मन भाषक देशांनी शुद्धलेखनाच्या सुधारणांवर व्हिएन्नात सह्या केल्या, १ ऑगस्ट १९९८ पासून त्या लागू झाल्या, आणि त्यात ही पद्धत गेली. आता सी-के अख्खं खालच्या ओळीत जातं. म्हणजे वर 'एल, ई' आणि आडवी रेघ, उरलेलं सगळं खाली. जुन्या बाजारातून घेतलेलं, पिवळ्या पानांचं पुस्तक वाचत असाल तर दोन के पाहून लाल पेन उचलू नका.

शेवटी ई-आय की आय-ई?

ई-आय. माझ्याकडच्या वह्यांत सगळ्यात जास्त वेळा झालेली चूक हीच. इंग्रजीची सवय आड येते. नियम अगदी सोपा: ई-आय म्हणजे 'आय', आय-ई म्हणजे लांब 'ई'. वर्गात मी फळ्यावर दोन शब्द लिहिते. डब्ल्यू, ई, आय, एन हा झाला वाइन, म्हणजे द्राक्षांची दारू. मधली दोन अक्षरं उलटी केली की झालं वीन, म्हणजे व्हिएन्ना शहर. एकदा एकाने अर्जात लिहिलं होतं की मला दारूत शिकायचंय. त्यानंतर त्या बॅचमध्ये ही चूक कोणी केली नाही.

बेकरीच्या पाटीवर ए-वर दोन टिंबं असतात. मग इथे का नाहीत?

बेकराय म्हणजे बेकरी, आणि तिचं मूळ बाकन, म्हणजे भाजणे. मुळात 'आ' आहे, म्हणून पुढे ए-वर टिंबं देऊन तो दाखवतात. लेकराय आला लेकन वरून, म्हणजे चाटणे. तिथे 'आ' कधी नव्हताच, मग टिंबं द्यायची कोणाला? कानाला दोन्ही शब्द सारखेच लागतात, त्यामुळे गोंधळ होतो यात तुमची काही चूक नाही.

एक अपवाद मात्र डोळ्यासमोर येईल. स्वित्झर्लंडमधल्या बाझेलची लेकर्ली नावाची मधाची चिवट बिस्किटं प्रसिद्ध आहेत. मध, बदाम, संत्र्या-लिंबाच्या साखरेत मुरवलेल्या साली, मसाले आणि चेरीची दारू घालून पातळ थर भाजतात, गरम असतानाच वरून साखरेचा पाक फासतात आणि चौकोन कापतात. बाझेलकर ती टिंबांचा ए घालून लिहितात, त्यांच्या बोलीत तो स्वर जरा जास्त उघडा आहे म्हणून. तो त्यांचा हक्क. तुम्ही परीक्षेत लिहू नका.

उच्चार नक्की कसा?

इथे देवनागरी रोमनपेक्षा जास्त कामाची आहे. मधला जो पुसट स्वर आहे तो थेट आपला 'अ', म्हणून ले-क-राय असं तीन तुकड्यांत लिहिलं की झालं. धोका एवढाच की मराठी माणूस एकत्र लिहिलेलं 'लेकराय' वाचताना मधला अ गिळतो आणि 'लेक-राय' म्हणतो, जणू एखाद्या घरची लेक. तसं नको. 'क' पूर्ण म्हणा. पहिला ए आखूड, 'पेन' मधल्यासारखा. जोर शेवटच्या 'राय'वर. आणि र जिभेच्या शेंड्याने नाही, घशातून.

'लेकर' या विशेषणात मात्र शेवटचा र जवळजवळ ऐकूच येत नाही, तो 'आ'कडे झुकतो. म्हणजे जर्मन माणूस चक्क 'लेका' म्हणतो. माझ्याकडे एकदा एक जर्मन पाहुण्या जेवायला होत्या. आईने पुरणपोळीवर तुपाची धार धरली, बाईंनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटून म्हणाल्या, "लेका!" आई धार तशीच धरून माझ्याकडे बघत राहिली. पाहुणीने आपल्याला 'लेका' म्हणावं, हे तिला पुढे दोन दिवस पचलं नव्हतं.

लिंग कोणतं? अनेकवचन कसं?

स्त्रीलिंग: डी लेकराय. शेवटी हा 'आय' प्रत्यय असलेली नामं स्त्रीलिंगीच असतात. पोलिसांचं पोलित्साय, राजकीय पक्षाचं पार्टाय हीसुद्धा. देशांची नावं बहुतेक वेळा आर्टिकल न लावता येतात, पण तुर्कस्तानला जर्मनमध्ये डी ट्युर्काय म्हणतात. फक्त अंडं, म्हणजे नुसतं 'आय', ते नपुंसकलिंगी: दास आय. तिथे तो प्रत्यय नाही, अख्खा शब्दच तेवढा आहे. मराठीतही अंडं नपुंसकलिंगीच, तेव्हा लक्षात ठेवायला त्रास नाही. तीन लिंगं आपल्याला नवी नाहीत, उगाच घाबरायचं कारण नाही.

अनेकवचनाला शेवटी ई, एन लावायचं: डी लेकरायन. प्रत्यक्षात पाट्यांवर, जाहिरातींत, बोलण्यात अनेकवचनच जास्त दिसतं. एकटी लेकराय कोण खातं!

हा शब्द आला कुठून?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न, म्हणून जरा सविस्तर.

लेकन म्हणजे चाटणे. त्यावरून लेकर, म्हणजे चाटूनपुसून खावंसं वाटणारं. त्यावरून लेकराय. आता हीच साखळी मराठीत लावून बघा: चाटणे, आणि त्यावरून चाट. चौपाटीवरच्या भेळपुरी-शेवपुरीला आपण चाट म्हणतो तेव्हा जर्मनांनी केलं तेच आपण केलेलं असतं. क्रिया जिभेची, नाव पदार्थाला.

पण यापुढची गंमत नुसत्या योगायोगाची नाही. लेकन आणि संस्कृतातला लिह् हा धातू सख्ख्या नात्यातले आहेत. लिह् म्हणजे चाटणे. ग्रीक, लॅटिन, जर्मन, इंग्रजी, संस्कृत या सगळ्यांच्या मागे जी एक आद्य भाषा मानतात, तिच्यातल्या एकाच मुळापासून हे आले. इंग्रजीतलं 'लिक' त्याच घरचं. खोकल्याच्या बाटलीवर 'लिंक्टस' लिहिलेलं असतं तेही त्याच मुळातून, लॅटिनच्या वाटेने. म्हणजे चाटून घ्यायचं औषध. आपल्या आज्या सितोपलादी चूर्ण मधात कालवून बोटाने चाटवायच्या, त्याला चाटण म्हणायच्या. वैद्य त्यालाच अवलेह म्हणतात. च्यवनप्राशच्या डब्यावर बारीक अक्षरांत तो शब्द बघा, त्यातला 'लेह' म्हणजे जर्मन 'लेक'चा भाऊबंद.

आणि अन्नाचे जुने चार प्रकार आठवा: भक्ष्य, भोज्य, लेह्य, चोष्य. त्यातलं लेह्य. वर्गात मी लेकरायचं भाषांतर विचारते तेव्हा कोणी 'स्वादिष्ट पदार्थ' म्हणतं, कोणी 'मिष्टान्न'. मग मी फळ्यावर 'लेह्य' लिहिते. अर्थ तंतोतंत तोच नाही. लेह्य म्हणजे पातळसर, चाटायचा पदार्थ. श्रीखंड लेह्य, बिस्किट नव्हे. पण नातं रक्ताचं आहे, आणि एकदा ते दिसलं की शब्द विसरायला होत नाही.

या शब्दाला काही वाईट अर्थ होता का?

होता. मध्ययुगीन जर्मनमध्ये लेकर म्हणजे दुसऱ्याची ताटं चाटत फिरणारा, फुकट्या, लबाड माणूस. त्याचे उद्योग ते लेकराय: लबाडी, चाळे, वासना. त्याच मुळाचा शब्द फ्रेंचमधून फिरून इंग्रजीत गेला आणि 'लेचरी' झाला, म्हणजे लंपटपणा. जर्मनमध्ये तो सुधारला आणि मिठाईच्या दुकानात जाऊन बसला. शब्दांचंही नशीब असतं.

आज एक नापसंतीचा अर्थ शिल्लक आहे: सतत चाटत बसणं. कुत्रा तुमचा हात चाटायचा थांबेचना तर वैतागून ती चाटाचाट या अर्थाने लेकराय म्हणता येतं. हा 'आय' प्रत्ययाचाच गुण. तो जागा दाखवतो, जसं बेकराय. कला दाखवतो, जसं मालराय, म्हणजे चित्रकला. आणि कटकटही दाखवतो. फ्रागराय म्हणजे एकसारखे प्रश्न विचारत राहण्याचा त्रास. हे पान कशातून जन्मलं ते आता कळलं असेल. जाता जाता, बेकराय मधला 'राय' आणि बेकरी मधला 'री' दोघांचाही माग जुन्या फ्रेंचपर्यंत जातो, म्हणून तर दोन्ही इतके सारखे लागतात.

लेकराय आणि लेकर्ली एकच ना?

नाही, आणि हा फरक पैसे वाया घालवतो. स्वित्झर्लंडची लेकर्ली माणसांसाठी, ती वर सांगितली. जर्मनीत मात्र लेकर्ली म्हटलं की डोळ्यासमोर येतो कुत्रा. शिकवताना शाबासकी म्हणून देतात तो खाऊ.

माझी एक विद्यार्थिनी तिकडे गेल्यावर पहिल्याच महिन्यात स्वस्तातलं मोठं पाकीट घेऊन आली. वर सफरचंद आणि गाजराचं चित्र, खाली लांबलचक शब्द. शेवटचा अर्धा तिला ओळखीचा वाटला: लेकर्ली. खोलीवर मैत्रिणी आल्या तेव्हा बशीत काढून चहाबरोबर ठेवले. भुश्याचा वास, दाताखाली लाकूड. चौथीने पाकीट उलटं करून पाहिलं. शब्दाचा पहिला अर्धा होता 'फेर्डं', म्हणजे घोडे. जर्मन जोडशब्दाचा शेवट वस्तू कोणती ते सांगतो, सुरुवात कोणासाठी किंवा कशाची ते सांगते. पूर्ण वाचा. ती आता तिथेच नोकरी करते, आणि तो किस्सा मला सांगायची परवानगी तिने हसत दिली आहे.

मग झ्यूसिश्काइट, डेलिकाटेसं, श्मांकर्ल, हे सगळे?

झ्यूसिश्काइट म्हणजे सरळ गोड वस्तू: गोळ्या, चॉकलेट. मध्ये तो बी-सारखा दिसणारा जोड-एस येतो, स्विस लोक तो वापरतच नाहीत, दोन एस लिहितात. डेलिकाटेसं म्हणजे भारीतलं, नाजूक चवीचं, बहुधा महाग: मासे, चीज, मुरवलेलं मांस. शब्द फ्रेंचमधून आला आणि जर्मनमधून अमेरिकेत जाऊन 'डेली' झाला. बर्लिनच्या कादेवे या १९०७ साली उघडलेल्या दुकानाचा सहावा मजला बघितलात की या शब्दाचा अर्थ किमतींसकट कळतो. श्मांकर्ल हा बव्हेरिया-ऑस्ट्रियाचा घरगुती शब्द, त्यात खारं-गोड दोन्ही बसतं. क्नाबराय म्हणजे कुरकुरीत चघळायचं, वेफर्स-खारे दाणे, टीव्हीसमोरचं. लेकाबिसन म्हणजे चविष्ट घास. तो खाण्याबाहेरही चालतो: फुटबॉलची रंगतदार मॅच, दुर्मीळ ध्वनिमुद्रण, रसिकांसाठी लेकाबिसन.

गोडाच्या मागे असलेल्या माणसाला लेकामाउल म्हणतात, म्हणजे 'चवीचं तोंड'. येता-जाता डब्यात हात घालणारी असेल तर नाशकात्सं, म्हणजे चोरून खाणारी मांजर. ही दोन्ही लाडाने म्हणतात.

मराठीत एका शब्दात सांगायचं तर?

खाऊ. मला तरी याहून जवळचा शब्द सापडलेला नाही. गावाहून येणारा मामा आणतो तो खाऊ, त्यात पोट भरण्याचा हिशेब नसतो. फरक एवढाच की खाऊ मुलांचा, लेकरायवर मोठ्यांचाही तितकाच हक्क. नाताळच्या लेकरायनसाठी मी 'फराळ' सुचवते. तिकडेही डिसेंबरात घरोघरी डबे भरतात, पाच-सहा प्रकारची बिस्किटं होतात आणि शेजारी ताटली जाते. अनुवाद करताना 'स्वादिष्ट व्यंजने' लिहू नका, लग्नाच्या मेन्यूकार्डासारखं वाटतं.

'लेकर' सगळीकडे चालतं ना?

समजतं सगळीकडे. पण तो मुळात उत्तरेकडे जास्त रुळलेला. दक्षिणेकडे जुनी माणसं 'गूट' किंवा 'फाइन' म्हणून मोकळी होतात, आणि व्हिएन्नात 'हा तिकडचा, जर्मनांचा शब्द' म्हणून नाक मुरडणारेही भेटतात. तिथे 'एस श्मेक्ट गूट' म्हणा, कोणाची हरकत नसते. लेकराय या नामाला मात्र अशी आडकाठी मी कुठे पाहिली नाही.

आमच्या मंडळाचा दिवाळीत जर्मनीत स्टॉल आहे. पाटीवर काय लिहू?

'लेकरायन आउस महाराष्ट्रा'. लेकरायन अनेकवचनी, दहा अक्षरं, शेवटी ई, आय, ई, एन. 'आउस' लहान अक्षराने. हस्ताक्षर चांगलं असेल त्यालाच पाटी द्या, आय आणि ई चिकटले की वाचणारा अडखळतो.

करंज्या, शंकरपाळे, लाडू त्या पाटीखाली शोभतील. चकली-चिवडाही ठेवा, पण हा शब्द वाचून आलेल्या माणसाने मनात गोड धरलेलं असतं. म्हणून भडंगाच्या पाकिटांवर वेगळी चिठ्ठी लावा, 'शार्फ', म्हणजे तिखट: एस, सी, एच, ए, आर, एफ. शेवटी एकच एफ.